वैमानिकांचा तुटवडा : एका विधानाचा इतिहास

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत उन्हाळा ऐन भरात आला की तेंदूपानांचा हंगाम सुरू होतो. हंगामाच्या तोंडावर कंत्राटदाराच्या तोंडी एक वाक्य हमखास येते, ‘यंदा मजूर मिळत नाहीत.’ व्याकरणदृष्ट्या हे वाक्य पूर्ण आहे. अर्थदृष्ट्या मात्र ते अपुरे आहे. त्यात एक पद अध्याहृत आहे आणि ते पद म्हणजे ‘या दरात’. शेकडा पुड्यांचा दर वाढला की न मिळणारे तेच मजूर त्याच जंगलात पहाटे चार वाजता दिसू लागतात, हे या मुलखात राहिलेल्या कोणासही ठाऊक आहे. भाषेच्या अभ्यासकाला असली वाक्ये मोठी उद्बोधक वाटतात. जे पद वक्ता गाळतो तेच पुष्कळदा त्या विधानाचे मर्म असते.

असेच एक अध्याहृत पद पोटात घेऊन गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे आपल्या देशात वावरणारे दुसरे एक विधान आहे, ‘वैमानिक मिळत नाहीत.’ सध्या ते पुन्हा जोरात आहे. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची आणि इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची मागणी नोंदविली. येत्या दीड-दोन दशकांत देशास सुमारे तीस हजार वैमानिक लागतील, असे केंद्रीय विमानवाहतूक मंत्र्यांनी २०२५ साली सांगितले. हा आकडा वर्तमानपत्रांतून खेडोपाडी पोचला आहे. आमच्या विभागातील एका विद्यार्थिनीचा धाकटा भाऊ बारावीला पदार्थविज्ञान व गणित घेऊन उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. आरमोरीकडे त्यांची धानाची शेती आहे. तीस हजारांचा आकडा त्याच्याही घरी पोचला, आणि शेती गहाण टाकून मुलास वैमानिक करावे काय, असा प्रश्न त्याचे वडील मला विचारते झाले. मी भाषाशास्त्राचा शिक्षक. विमानांविषयी माझे ज्ञान ते किती! परंतु प्रश्न एका विधानाच्या खरेपणाचा होता, आणि विधानांची तपासणी हा आमचा व्यवसाय असल्यामुळे मी त्याचा पूर्वेतिहास शोधू लागलो. प्रस्तुत टिपण हे त्या शोधाचे फलित होय.

आरंभी शब्दाविषयी थोडे. ‘वैमानिक’ हा शब्द यंत्राच्या कितीतरी आधीचा आहे. जैन विश्वरचनेत विमानांत वास करणाऱ्या देवांच्या एका वर्गास ‘वैमानिक’ अशी संज्ञा आहे. मराठी श्रोत्याच्या कानावर विमान आले ते तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या कथेतून. म्हणून १९३० च्या सुमारास खरेखुरे विमान डोक्यावरून जाऊ लागले तेव्हा शब्द शोधण्याची पंचाईत मराठीस पडली नाही. ग्रामीण उच्चारात शब्दारंभीच्या ‘वि’मधील ‘व्’ गळतो, ‘विहीर’ची ‘इहीर’ होते, तसे ‘विमान’चे ‘इमान’ झाले. आणि आकाशातून जाणारे इमान व माणसाने राखावयाचे इमान ही दोन्ही एकाच उच्चारात नांदू लागली. शब्द आयता मिळाला हे सोयीचे झाले खरे, परंतु त्यामुळे एक गैरसोयही झाली. देवांच्या वर्गास पोटभेद पुरेसे होते. मानवी वैमानिकांचे पोटभेद मात्र आपण भाषेत कधी पाडलेच नाहीत. दोनशे तासांचे उड्डाण करून व्यावसायिक परवाना मिळविलेला तरुण, विशिष्ट जातीच्या विमानाचे शिक्षण घेऊन उजव्या आसनावर बसणारा सहवैमानिक आणि डाव्या आसनावरचा, विमानाची संपूर्ण जबाबदारी वाहणारा मुख्य वैमानिक हे तिघेही आपल्या लेखी ‘वैमानिक’च. तुटवड्याचा आकडा सांगताना यांपैकी कोण मोजला जात आहे, हे कोणी सांगत नाही. पुढील सर्व इतिहासाची किल्ली या मोजणीत आहे.

हिंदी भूमीवर दिलेला पहिला वैमानिकाचा परवाना जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळाला. मुंबई व दिल्ली येथील उड्डाण-मंडळे त्याच्या आदल्याच वर्षी निघालेली होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांची टपालसेवा कराची-अहमदाबाद-मुंबई-बेल्लारी-मद्रास या मार्गावर सुरू झाली तेव्हा तिच्यापाशी दोन लहान पुस मॉथ विमाने होती आणि वैमानिक म्हणजे स्वतः टाटा, नेव्हिल व्हिन्सेंट व होमी भरुचा. दोन विमानांस तीन वैमानिक! या काळात तुटवडा आणि मुबलकता हे शब्दच निरर्थक होते, कारण हौस आणि व्यवसाय यांच्यामधली रेषा अजून आखलीच गेली नव्हती. (पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या उड्डाणदलातून लढताना १९१८ साली मरण पावलेला मुंबईचा वेलिणकर हा तरुण मराठी माणसाच्या स्मरणात अधिक असावयास हवा होता, एवढे जाता जाता म्हणतो.)

खरा इतिहास दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू होतो, आणि त्याचा आरंभ तुटवड्याने होत नाही, विपुलतेने होतो. युद्ध संपले तेव्हा अमेरिकी सैन्याची डाकोटा विमाने भारतात पडून होती. ती स्वस्तात विकली गेली, बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने कित्येकांची डागडुजी केली, आणि युद्धसेवेतून मोकळे झालेले वैमानिक कामाच्या शोधात होते. स्वस्त विमान आणि स्वस्त वैमानिक एकत्र आले म्हणजे कंपन्या निघावयास उशीर लागत नाही. १९४६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत परवाना-मंडळाने इतक्या कंपन्यांना मार्ग वाटून दिले की प्रवासी पुरेनात. या गोंधळाची चौकशी करण्यासाठी १९५० साली न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. कंपन्या गरजेपेक्षा फार झाल्या असून त्यांचे एकत्रीकरण होऊन चारच राहाव्यात, असा त्या समितीच्या शिफारशींचा रोख होता. पुढे १९५३ चा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५३ रोजी देशांतर्गत वाहतुकीच्या आठ कंपन्या एका महामंडळात विलीन झाल्या.

या विपुलतेच्या काळातही दारे सर्वांस सारखी उघडी नव्हती. परवाना हाती असलेल्या प्रेम माथुर यांना आठ कंपन्यांनी स्त्री म्हणून नाकारले आणि अखेर १९४७ साली हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने घेतले, ही हकीगत सुपरिचित आहे. दोन्ही आसनांवर स्त्रियाच असलेले प्रवासी विमान इंडियन एअरलाइन्सने चालविले ते १९८५ साली, सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली. मधल्या अडतीस वर्षांत ‘वैमानिक मिळत नाहीत’ असे जेव्हा केव्हा म्हटले गेले असेल, तेव्हा त्या वाक्यातील नामाला एक अदृश्य लिंग होते, एवढे नमूद करून पुढे जातो.

आपल्या प्रदेशाचा या इतिहासात प्रवेश होतो तो रात्री. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण खात्याचे मंत्री होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून संध्याकाळनंतर डाकोटा निघत. मध्यरात्रीच्या सुमारास चौघेही नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमत. टपालाच्या थैल्यांची व प्रवाशांची अदलाबदल होई. आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या गावी परते. इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने आरंभिलेली ही सेवा त्याच वर्षी हिमालयन एव्हिएशनकडे आली. त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून साधे टपालही जादा आकाराशिवाय विमानाने जाऊ लागले होते, हे लक्षात घेतले म्हणजे सोनेगावच्या त्या मध्यरात्रीचे महत्त्व ध्यानी येईल.

नकाशावर नागपूर ते मद्रास अशी सरळ रेघ ओढली तर ती तेव्हाच्या चांदा जिल्ह्यावरून जाते. म्हणजे ज्या काळी चांद्याच्या दक्षिणेस कित्येक गावांना पावसाळ्यात रस्ताच नसे, त्या काळी त्यांच्या डोक्यावरून मद्रासकडे जाणारे आणि मद्रासहून येणारे विमान रोज रात्री जात असले पाहिजे. खाली एकही दिवा नसलेले अरण्य आणि वर डाकोटातील दोन माणसे! ती विमाने उंचावरून, वादळाच्या वरून जाणारी नव्हती. मोसमी ढगांतूनच त्यांना वाट काढावी लागे. या सेवेची किंमत काय होती, हे १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री दिसले. नागपूरहून मद्रासकडे निघालेले डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळले. कामगार पुढारी हरिहरनाथ शास्त्री यांच्यासह तेराजण दगावले, वैमानिक तेवढा वाचला. राष्ट्रीयीकरणास अद्याप पाच महिनेही झाले नव्हते.

मला येथे ज्या गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे ती अपघाताची नव्हे, वेळेची आहे. मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतचा काळ हा वैमानिकाच्या शरीराला सर्वांत जड. आज नियमांच्या भाषेत ‘रात्र’ म्हणजे मध्यरात्र ते सकाळी सहा. पूर्वी ती पाचला संपत असे. नागपूरच्या रात्रसेवेचे सारे काम याच तासांत चालत होते, आणि पुरेसे वैमानिक उपलब्ध होते असे जे आपण म्हणतो ते त्या तासांच्या हिशेबाने म्हणतो. एका वैमानिकाकडून किती रात्री काम घ्यावयाचे हे ठरल्याखेरीज ‘पुरेसे’ या शब्दास संख्यावाचक अर्थ येत नाही. मजुरीत जसा दर, तशी येथे विश्रांती. दोन्ही अध्याहृत.

महामंडळाच्या मक्तेदारीच्या चार दशकांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. वैमानिकांना कामावर घेणारा मालक मुख्यतः एकच होता. विमाने सावकाश वाढत, तसे वैमानिकही सावकाश वाढत. अलाहाबादेस नागरी विमानोड्डाणाचे शिक्षणकेंद्र १९४८ पासून होते, रायबरेलीजवळची उड्डाण अकादमी १९८० च्या दशकाच्या मध्यास निघाली. जिल्ह्याजिल्ह्यांतील उड्डाण-मंडळे सरकारी अनुदानावर कशीबशी तग धरून राहिली. नागपूरच्या मंडळाचे शिक्षण तर पुढे मध्यंतरी काही वर्षे बंदच पडले होते.

१९९० नंतर मात्र पट बदलला. खाजगी कंपन्यांना मोकळीक मिळाली, आणि त्यांनी वैमानिक घडविण्याऐवजी घडलेले वैमानिक इंडियन एअरलाइन्सकडून उचलले. मुख्य वैमानिक घडावयास वर्षे लागतात. उचलावयास एक पत्र पुरते. १९९२ च्या डिसेंबरात इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप केला तेव्हा सरकारने परदेशांतून चालकवर्गासह विमाने भाड्याने आणली. त्यांपैकी उझबेकिस्तानचे एक तुपोलेव्ह ९ जानेवारी १९९३ रोजी दिल्लीस दाट धुक्यात उतरताना उलटे झाले. सुदैवाने कोणी दगावले नाही. हा प्रसंग मला तुटवड्याच्या इतिहासातील एक निर्णायक प्रसंग वाटतो. वैमानिक देशात होते. ते कामावर नव्हते. त्यांच्या मागण्या रास्त होत्या की नाही हा प्रश्न वेगळा. परंतु ‘नाहीत’ आणि ‘या अटींवर नाहीत’ या दोहोंतील भेद त्या धुक्यात जितका स्पष्ट दिसला तितका पूर्वी कधी दिसला नव्हता.

यानंतर चक्र वेगाने फिरू लागले. एअर डेक्कन २००३ साली निघाली. २००५ व २००६ ही दोन वर्षे नव्या कंपन्यांच्या जन्माची होती. तुटवडा, तुटवडा, अशी हाकाटी झाली. परदेशी वैमानिकांना तात्पुरती अनुज्ञा देण्यात आली, निवृत्तीचे वय साठीवरून पासष्टावर नेण्यात आले, आणि राजीनामा देणाऱ्या वैमानिकाने सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी असा नियम २००५ साली झाला. २०१७ साली मुख्य वैमानिकांसाठी तो एक वर्षाचा करण्यात आला. ही सूचनेची मुदत हा मोठा बोलका पुरावा आहे. माल दुर्मीळ झाला की त्याचा भाव वाढतो, असे अर्थशास्त्र सांगते. येथे भाव वाढू नये म्हणून मालालाच कुलूप घातले गेले. ज्या व्यवसायात सोडून जाण्यास एक वर्ष लागते, त्या व्यवसायातील टंचाई बाजारपेठेच्या मोजपट्टीने मोजता येत नाही.

हाकाटीचा दुसरा परिणाम घरोघरी झाला. मध्यमवर्गीय कुटुंबांनी कर्जे काढून मुलांना देशात व परदेशांत परवान्यासाठी धाडले. ती मुले परत येईपर्यंत २००८ सालचे तेलदर आणि त्यामागून आलेली जागतिक मंदी यांनी कंपन्यांचे कंबरडे मोडले होते. २०१२ च्या ऑक्टोबरात किंगफिशरची विमाने जमिनीवर आली आणि अनुभवी वैमानिकांचा लोंढाच बाजारात उतरला. हजारो परवानाधारक तरुण कित्येक वर्षे घरी बसून होते. परवाना जिवंत ठेवण्यासाठीही उड्डाणे करावी लागतात आणि त्यास पैसे पडतात, हे त्यांना तेव्हा कळले. २०११ साली खोट्या गुणपत्रिकांवर उच्च परवाना मिळविल्याची प्रकरणे उघडकीस आली; गोव्याच्या विमानतळावर पुढच्या चाकावर उतरविलेल्या एका विमानाच्या चौकशीतून त्यांचा धागा सापडला होता. एकीकडे बेकार परवानाधारक आणि दुसरीकडे बनावट मुख्य वैमानिक, हे चित्र परस्परविरोधी नाही. पहिल्या पायरीवर गर्दी आणि तिसऱ्या पायरीवर उणीव, अशी एकाच जिन्याची ती दोन टोके आहेत. पुढेही हेच झाले. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, पाठोपाठ महासाथ आली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. आणि त्याच २०२३ साली देशात सोळाशेच्या पुढे व्यावसायिक परवाने देण्यात आले, जो तोवरचा उच्चांक होता.

आता अगदी अलीकडची घटना. १७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूरच्या विमानतळावर, पुण्याकडे जाणाऱ्या विमानात चढण्यापूर्वी, चाळीस वर्षांचा एक मुख्य वैमानिक कोसळला व मरण पावला. त्याच्या मृत्यूचा कामाच्या थकव्याशी संबंध जोडण्याचा अधिकार मला नाही. तथापि त्या प्रसंगानंतर थकव्याची चर्चा देशभर झाली हे खरे. जानेवारी २०२४ मध्ये विमानवाहतूक महासंचालनालयाने कामाच्या तासांचे नवे नियम प्रसिद्ध केले. आठवड्याची विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर गेली. रात्र एका तासाने लांबली. रात्रीच्या उतरणी सहावरून दोनवर आल्या. ते अमलात यावयास जुलै व नोव्हेंबर २०२५ उजाडले. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या कंपनीचा, इंडिगोचा, कारभार कोलमडला. ५ डिसेंबर रोजी एकाच दिवसात एक हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. उपाय काय झाला? रात्रीसंबंधीच्या नियमांतून त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट देण्यात आली.

या घटनाक्रमाचा अर्थ नीट लावला पाहिजे. ऑक्टोबरच्या अखेरीस त्या कंपनीस वैमानिक पुरत होते. नोव्हेंबरनंतर ते अपुरे ठरले. मधल्या काळात वैमानिकांची संख्या घटली नव्हती. घटले होते ते प्रत्येकाकडून घ्यावयाचे काम. पावणेदोन वर्षे आधी सर्वांस ठाऊक असलेल्या नियमासाठी माणसे घेतली गेली नाहीत, आणि मग जे घडले त्यास वर्तमानपत्रांनी नाव दिले ‘वैमानिकांचा तुटवडा’. ‘तुटवडा’ हे अकर्तृक नाम आहे. पाऊस पडत नाही तसा तो पडतो. त्यास कर्ता नसतो. ‘भरती केली नाही’ या वाक्यास मात्र कर्ता द्यावा लागतो. नियंत्यानेही सूट देताना अकर्तृक भाषाच पत्करली असे मला वाटते, आणि ते चुकीचे झाले.

तर मग तुटवडा मुळीच खोटा काय? तसेही नाही. मुख्य वैमानिकास लागणारा उच्च परवाना पंधराशे तासांच्या उड्डाणानंतर मिळतो, आणि तास पैसे टाकून एका रात्रीत विकत घेता येत नाहीत. शिकविणाऱ्यांची तर फारच वाण आहे. बिरसी येथे, गोंदियाजवळ, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधलेली धावपट्टी आहे. आज तेथे वैमानिकांचे शिक्षण चालते. १८ मार्च २०२३ रोजी तेथून निघालेले एक शिक्षणविमान बालाघाटच्या डोंगराळ रानात पडून शिक्षक व त्याची विद्यार्थिनी असे दोघेही गेले. चांगला शिक्षक पगारासाठी प्रवासी कंपनीत निघून जातो आणि नवशिक्या शिक्षकाच्या हाती नवशिका विद्यार्थी येतो, ही अडचण या व्यवसायात जगभर बोलली जाते. म्हणून माझा निष्कर्ष असा की, उणीव आहे ती अनुभवाची आणि शिक्षकांची, होतकरू तरुणांची नव्हे. आणि तीस हजारांचा आकडा मात्र होतकरू तरुणांस उद्देशून उच्चारला जातो.

भाषेचा एक मुद्दा राहिला. तो माझ्या विषयाचा असल्याने थोडा रेंगाळतो. आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९८ साली ठराव करून वैमानिक व नियंत्रक यांच्या इंग्रजीची कसोटी ठरविण्याचे काम हाती घेतले. त्यामागील कारणांत हरियाणातील चरखी दादरी येथे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी आकाशात झालेली दोन विमानांची टक्कर होती, जीत ३४९ माणसे गेली. त्याआधी २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ येथे ५८३ जण दगावले ते धुक्यात. पण ‘आम्ही आता उड्डाणावर आहोत’ अशा अर्थाचे एक संदिग्ध इंग्रजी वाक्यही त्या अनर्थाचा भाग होते. डच बोलणाऱ्याने ते इंग्रजीत उच्चारले होते. ते क्रिया चालू असल्याचे सांगते की केवळ जागा सांगते, हे ऐकणाऱ्यास उमगले नाही. २००८ पासून अंमलात आलेल्या कसोटीत उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन व संवाद अशी सहा अंगे तपासतात आणि सहा श्रेणींपैकी किमान चौथी लागते. येथे एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी : उच्चारावर मातृभाषेची छाया असण्यास या कसोटीचा आक्षेप नाही, तो सुबोध असला म्हणजे झाले. विमानोड्डाणाच्या इंग्रजीने तर स्वतःच इंग्रजी उच्चार मोडले आहेत. तीनचा आकडा तेथे ‘ट्री’ आणि नऊचा ‘नायनर’ असा म्हणतात, आणि संकटाची ‘मेडे’ ही हाक मूळ फ्रेंच शब्दांवरून घेतली आहे. ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘र’ करणाऱ्या झाडीबोलीच्या मुलास येथे लाजण्याचे काहीच कारण नाही. गोंडी वा माडिया घरी, मराठी शाळेत व इंग्रजी परीक्षेत, असा तीन भाषांचा चढ चढलेला भामरागडचा मुलगा ऐकून समजून घेण्यात एकभाषिक मुलापेक्षा पुष्कळदा सरस ठरेल, असा माझा अनुभव आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांपैकी पाचजणांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्ट गाठले. तेव्हा या मुलांत पात्रतेचा तुटवडा आहे असे म्हणण्यास आता कोणी धजू नये.

तुटवडा आहे तो दुसऱ्या वस्तूंचा. व्यावसायिक परवान्याचा खर्च पन्नास लाख रुपयांच्या पुढे जातो. बारावीला पदार्थविज्ञान व गणित असावे लागते. ही अट शिथिल करण्याचा विचार २०२५ साली बोलून दाखविला गेला. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी स्वतंत्र झाला, पण विमान म्हणून तेथील माणूस आजही ओळखतो ते मुख्यतः हेलिकॉप्टर : पोलिसांचे, जखमीस नागपुरास नेणारे, किंवा निवडणुकीच्या दिवसांत मतदान-पथके दुर्गम गावी पोचविणारे. ते चालविणारा बहुधा सैन्यातून आलेला, परमुलखातला. चंद्रपूरजवळ मोरव्याच्या धावपट्टीवर अलीकडे नागपूरच्या मंडळाच्या द्वारे उड्डाणशिक्षण सुरू झाले, ही चांगली गोष्ट आहे. राजुरा तालुक्यात योजलेला मोठा विमानतळ मात्र वनजमिनीच्या व वाघांच्या वाटेच्या प्रश्नात अडकून राहिला, आणि तो तसा अडकावा हेही मला अयोग्य वाटत नाही.

आरमोरीच्या त्या गृहस्थांना मी हे सगळे सांगितले नाही. १९५०, २०१२ व २०२५ ही तीन सालेच कागदावर लिहून दिली आणि प्रत्येकापुढे काय झाले ते दोन-दोन ओळींत लिहिले. परवाना मिळाल्यापासून डाव्या आसनापर्यंत मध्ये चार-पाच वर्षे तरी जातात, त्यात एखादी कंपनी बुडू शकते, आणि बँकेचा हप्ता मात्र बुडत नाही, हेही सांगितले. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. शेती त्यांनी गहाण टाकली नाही. मुलगा सध्या बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षास आहे. सुटीत एकदा बहिणीबरोबर मोरव्यास जाऊन आला. तिथे किती विमाने आहेत, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘इमानं आहेत सर, शिकवणारे किती आहेत ते इचारून आलो.’